डॅलसला जायचं का?

हल्ली मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत उभं राहिलं की हटकून कानावर येतं, "काय, तुम्ही पण टेक्सासला चाललात का?" कुणाचं ऑफिस हलतंय, कुणाला तिथलं मोठं घर खुणावतंय, तर कुणी जर्सीच्या बर्फाला कंटाळलंय. बिऱ्हाड पाठीवर घेणं आपल्याला नवीन नाही. पण दोन सुटकेस घेऊन आलेला विद्यार्थी गाव बदलतो तेव्हा फार तर त्याचा प्रेशर कुकर हरवतो. चाळिशीतल्या कुटुंबाचं तसं नसतं.

माझ्या परिचयातल्या एका कुटुंबापुढे सध्या हाच पेच आहे. एडिसनमध्ये चौदा वर्षं झाली. त्याच्या कंपनीने सांगितलंय, डॅलसजवळच्या प्लेनोला चला, नाहीतर दुसरी नोकरी बघा. ती फार्मसिस्ट. मुलगी दहावीत, मुलगा दुसरीत. नावं गाळून, त्यांना विचारूनच हे लिहितो आहे, कारण हाच हिशेब उद्या तुमच्याही डायनिंग टेबलवर येऊ शकतो.

सुरुवात अर्थातच पैशांपासून झाली. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, आणि तो लागू नये म्हणून २०१९ साली मतदारांनी राज्यघटनेतच तशी दुरुस्ती करून घेतली. जर्सीत नवरा-बायकोचं मिळून करपात्र उत्पन्न दीड लाख डॉलर असेल तर राज्याचा आयकर साधारण साडेपाच हजार होतो. तेवढे वाचले म्हणायचे. पण प्रॉपर्टी टॅक्स दोन्हीकडे दणदणीत. जर्सीची सरासरी २०२४ साली वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेली, आणि टेक्सासची सरकारंही आयकराची कसर घरपट्टीतूनच भरून काढतात. त्यात उत्तर टेक्सासच्या गारपिटीमुळे महाग पडणारा घराचा विमा आणि उन्हाळाभर चालणारा एसी. घर मोठं मिळतं हे खरं, पण "टॅक्स नाही, नुसती चैन" ही पार्टीतली गोष्ट आहे. वीज म्हणाल तर टेक्सासची ग्रिड बहुतांशी स्वतंत्र आहे. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत ४० लाखांहून अधिक घरं अंधारात गेली, तेव्हा शेजारच्या राज्यांकडून फारशी वीज घेता आली नाही.

कागदपत्रांचं मात्र नीट बघायला हवं. तो अजून एच-१बी वर आहे. कामाचं ठिकाण दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेलं की कंपनीला आधी सुधारित अर्ज भरावा लागतो, हे २०१५ पासून स्पष्ट आहे. ग्रीन कार्डचं लेबर सर्टिफिकेशनही जागेला बांधलेलं असतं, त्यामुळे ते पुन्हा पहिल्यापासून. आय-१४० मंजूर झालेला असल्याने जुनी प्रायॉरिटी डेट सहसा टिकते, एवढा दिलासा. मुलगी एच-४ वर आहे आणि एकविसाव्या वर्षी ते छत्र जातं, म्हणून नवा अर्ज कधी भरणार हे कंपनीकडून लेखी घ्या, असं मी त्याला बजावलंय. बायकोचं वर्क परमिट गावाला बांधलेलं नाही, पण फार्मसीचं लायसन्स राज्याराज्याचं वेगळं. ते हलवेपर्यंत एक पगार बंद. हे त्याच्या हिशेबाच्या कागदावर नव्हतं, तिने लिहिलं.

तिची खरी अडचण वेगळीच आहे. "संध्याकाळी मला उशीर झाला तर शेजारच्या काकू मुलाला बसवरून घेतात, वरणभातही घालतात. त्या काकू मी प्लेनोत कुठून आणू?" मराठी माणसं तिथे भरपूर आहेत. २०१९ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन डॅलसलाच झालं होतं. गणपती, दिवाळी, मराठी शाळा सगळं मिळेल. पण मंडळाची वर्गणी भरली की लगेच काकू मिळत नाहीत.

आणि मुलगी. तिने बाबांना सरळ विचारलं, "तुम्ही इंडियाहून आलात तेव्हा तुम्ही ठरवलं होतंत. मला कोण विचारतंय?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तिचा प्रश्न नुसता मैत्रिणींचा नाही. टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने शाळेतल्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाने मात्र २०२६ च्या प्रवेशांपासून ही मर्यादा ५ टक्क्यांवर आणली आहे. प्लेनोतल्या स्पर्धेत, बाहेरून आणलेल्या मार्कांवर, तिचा क्रमांक कसा धरतील हे त्या शाळेलाच विचारायला हवं.

नवऱ्याने पुढे जावं, मायलेकरांनी दोन वर्षं इथेच थांबावं, हाही पर्याय निघाला. मला तो पटत नाही. वाचलेले साडेपाच हजार विमानाच्या तिकिटांत जातील आणि धाकटा बापाला फोनवरच बघेल. जायचं तर अकरावी सुरू होण्याआधी, याच उन्हाळ्यात. नाहीतर तिचं ग्रॅज्युएशन होईपर्यंत इथेच दुसरी नोकरी शोधावी. अकरावीच्या मध्यात मूल हलवणं सर्वांत वाईट. तिथल्या शाळा ऑगस्टच्या मध्यालाच उघडतात, तेव्हा वेळ थोडाच आहे.

पुढच्या महिन्यात चौघं तीन दिवस प्लेनोला जाऊन येणार आहेत. घरं बघायची नाहीत असं ठरलंय. तिथल्या हायस्कूलच्या काउन्सेलरला मुलीने स्वतःच फोन करून वेळ घेतली आहे.