लोखंडाच्या पोटातला नंबर

साताऱ्यात पोवई नाक्यावरून मध्यरात्री उचललेली मोटारसायकल उजाडेपर्यंत कर्नाटकात पोचू शकते. महामार्ग कराड, कागल करत सरळ निपाणीला जातो. सांगलीकडून तर मिरज सोडून म्हैसाळ ओलांडलं की आलंच कागवाड. एमएच ११ किंवा एमएच १० ची पाटी काढायला कितीसा वेळ लागतो! पण गाडीचा खरा नंबर पाटीवर नसतोच.

हँडलखाली, फ्रेमच्या पुढच्या नळीवर, १७ अक्षर-आकड्यांचा चेसिस नंबर ठोकलेला असतो. एमबीएल दिसलं की गाडी हिरोची, एमडी२ म्हणजे बजाजची. आय, ओ, क्यू ही अक्षरं त्यात कधीच येत नाहीत; १ आणि ० शी घोळ नको म्हणून. चोराला हे ठाऊक असतं. तो ग्राइंडर फिरवतो, नंबर घासून सपाट करतो, कधी वर दुसराच ठोकतो.

आणि इथे लोखंड जे करतं, ते थक्क करणारं आहे. पंचाचा घाव फक्त खाच पाडत नाही, खाचेखालचे धातूचे कणही चेपून टाकतो, डोळ्यांना दिसतं त्याच्याही खोल. उसाच्या ट्रॉल्यांनी दबलेली वाट वरवर नांगरली तरी खालची माती घट्टच राहते, तसंच हे. जर्मनीत अडॉल्फ फ्राय यांनी १९२१ मध्ये ताण सोसलेलं पोलाद ओळखण्यासाठी तांब्याचा क्षार आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण वापरलं होतं. आज न्यायसहायक प्रयोगशाळांत घासलेली जागा आरशासारखी गुळगुळीत करून त्यावर तेच कापसाने फिरवतात. चेपलेला धातू भोवतालच्या धातूपेक्षा लवकर झिजतो, आणि कोऱ्या पोलादावर एकेक आकडा वर येऊ लागतो! कधी तो थोडाच वेळ टिकतो, म्हणून लगेच फोटो घ्यावा लागतो. इंजिनचं आवरण ॲल्युमिनियमचं असेल तर तिथे कॉस्टिक सोडा कामी येतो. मात्र ग्राइंडर फारच खोल गेला असेल, तर दबलेला थरच उरत नाही आणि नंबर कायमचा जातो.

परराज्यात गाडी रीतसर नावावर करायची तर मूळ आरटीओची एनओसी हवी. चोर त्या वाटेला जातच नाही. आडगावात, "कागदपत्रं मागाहून देतो" म्हणत, तो स्वस्तात गाडी गळ्यात मारतो. ती चोरीची आहे हे जाणून किंवा तसं मानायला कारण असून घेणाऱ्यालाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नंबर उघडा पडला की कंपनी, कंपनीवरून शोरूम, शोरूमवरून मालक असा माग लागतो. ज्याचा दुधाचा रतीब त्या गाडीवर चालायचा, त्याला ती लवकर परत मिळालीच पाहिजे. २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं: गाड्या ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, हमीपत्र घ्या आणि मालकाच्या ताब्यात द्या.