बाबांना काय हवं होतं?

आयसीयूबाहेरच्या खुर्च्या इतक्या टणक का असतात, देव जाणे. अकरा दिवस त्याच खुर्चीत बसून मी ऑफिसचे मेल्स उरकत होते. आत बाबा व्हेंटिलेटरवर. मेंदूत मोठा रक्तस्राव.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. 'सुधारणा नाही, होईल असंही वाटत नाही. अशा वेळी तुमच्या बाबांना काय हवं असतं, सांगू शकाल?'

आम्ही गप्प! बाबांचे बँकेचे नंबर पाठ, पॉलिसीज फायलीत नीट लावलेल्या. पण हे? आई हळूच म्हणाली, 'तुमचे आजोबा अंथरुणाला खिळले होते ना, तेव्हा हे म्हणायचे, माझं असं करू नका.' दादा तडकला, 'अगं, ते वैतागून बोलायचे!'

अकराव्या रात्री बाबा स्वतःच गेले. आम्हाला ठरवावं लागलं नाही. पण दादाचं आणि माझं त्यावरून जे बिनसलं, ते बिनसलंच.

नंतर मी वाचत सुटले. केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, तिथेच पडून होत्या. त्यांना जाऊ द्यावं, ही याचिका सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये फेटाळली. पण कडक अटींवर उपचार थांबवण्याची वाटही त्याच निकालाने उघडली. २०१८ मध्ये कोर्टाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि 'लिव्हिंग विल', दोन्ही मान्य केले. २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी झाली.

करायचं काय? कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, ते शुद्धीत असताना लिहायचं. आपल्या वतीने बोलणाऱ्याचं नाव द्यायचं. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. वय फक्त १८ पूर्ण हवं. पुढे वेळ आलीच, तर एकटा डॉक्टर ठरवत नाही. डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवलं जातं. आणि मशीन काढलं म्हणजे पेशंटला वाऱ्यावर सोडलं असं नव्हे. वेदना कमी ठेवण्याचे उपचार चालूच राहतात.

काहीच लिहिलेलं नसेल, तर मंडळांसोबत घरच्यांची संमती लागते. म्हणजे पुन्हा केबिन, पुन्हा आई, दादा आणि मी!

गेल्या रविवारी पोहे खाता खाता आईनेच विषय काढला. तिला काय नको, ते तिने एकेक करून सांगितलं, मी लिहून घेतलं. दादा फोनवर, स्पीकर ऑन. तो काही बोलला नाही, पण त्याने फोनही ठेवला नाही.

'आणि तुझं काय गं?' आईने विचारलं.

'माझं? अगं, मी एकतीसची आहे!'

'अरुणा पंचवीसची होती.'

मी गुपचूप दुसरा कागद घेतला. तुमच्या घरीही रविवारी पोहे होत असतीलच ना? मग विचारा. थोडं अवघड वाटेल. पण केबिनमधल्या त्या शांततेपेक्षा नक्कीच सोपं आहे.