वास येतो, पण क्लच नवा आहे

आज वायरिंगच्या वासावर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण लातूरहून एका वाचकांचं पत्र आलं आणि ते डोक्यातून जाईना.

त्यांची पाण्याच्या जारची पिकअप आहे. डिझेल, बीएस सहा. पहाटे प्लांटवर भरायची, गल्लीबोळांतून जार उतरवत फिरायचं, दुपारी परत. अधूनमधून गाडीखालून जळका वास येतो. मिस्त्रीने वास घेतला, ‘हाफ क्लचवर चालवता तुम्ही’ म्हणाला आणि क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा अख्खा सेट बदलला. काही दिवसांनी वास पुन्हा हजर.

मिस्त्रीला मी फार दोष देणार नाही. जारची गाडी दर दहा घरांना थांबते, तिथे पहिला संशय क्लचवरच जाणार. पण क्लचच्या वासाची एक गंमत आहे. क्लच प्लेटचं अस्तर आणि ब्रेकचा लायनर, दोन्हींतला माल बांधून ठेवतं ते फिनॉलिक रेझिन. ते तापून जळायला लागलं की दोन्हींचा वास जवळपास एकच. शिवाय लिओ बेकलंडचं बॅकेलाइट म्हणजे याच घराण्यातलं रेझिन, आणि जुन्या घरांतले काळे गोल स्विच त्याचेच असत. क्लच जळत असताना ‘वायरिंग पेटलं’ म्हणून बॉनेट उघडणारे जुने ड्रायव्हर मी पाहिलेत. त्यांचं नाक खोटं बोलत नव्हतं.

वास क्लचचा की ब्रेकचा, हा निवाडा रस्त्याकडून करून घ्यावा. भरलेली गाडी माळशेज चढताना वास आला तर क्लच बघा, उतरताना आला तर ब्रेक. सपाट रस्त्यावर येतोय आणि एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय, तर तिथला ब्रेक अडकलाय किंवा हँडब्रेक पुरता सुटत नाहीये. (हात चाकाच्या जवळ नेला तरी धग कळते. ड्रमला लावू नका, कातडी सोलून निघेल.)

लातूरकरांना मी फोन करून विचारलं, वास येतो कधी? म्हणाले, ‘काही नेम नाही हो.’ असं उत्तर आलं की मी वही ठेवायला सांगतो. त्यांनी इमानदारीने ठेवली आणि नेम निघाला. वास येतो तो गाडी थांबवल्यावर. त्या वेळी पायाने रेस न देताही इंजिनाचा आवाज नेहमीपेक्षा चढा असतो. किल्ली काढली तरी पंखा घोंघावत राहतो. मग काही दिवस शांतता, आणि पुन्हा तोच प्रकार.

यात जळत होती ती काजळी, आणि ती मुद्दाम जाळली जात होती.

१ एप्रिल २०२० पासून देशभर गाड्यांच्या धुराचे बीएस सहा निकष लागू झाले. आपण बीएस चारवरून थेट सहावर उडी मारली, पाच मध्ये आलंच नाही. तेव्हापासून बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची गाळणी असते. आत सिरॅमिकच्या बारीक नळ्या. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी मागे अडकते. ती साचली की इंजिन स्वतःहून थोडं जास्तीचं डिझेल सोडतं, धूर तापवतं आणि सुमारे सहाशे अंशांवर ती काजळी जाळून टाकतं. हायवेवर वीसेक मिनिटांत हे काम उरकतं आणि ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही.

जारच्या गाडीला ती वीस मिनिटं मिळतच नाहीत. जाळणं सुरू होतं, गल्ली येते, किल्ली बंद. खाली गाळणीचं तापलेलं कवच, त्यावर चिकटलेला चिखल, तेलाचे थेंब. गाडी चालत असताना वारा जो वास उडवून नेत होता तो आता थेट केबिनमध्ये. काम अर्धवट राहिलं म्हणून पुढच्या फेरीला पुन्हा सुरुवात.

याची खूण नाकाबाहेरही सापडते, आणि ती मला वासापेक्षा महत्त्वाची वाटते. इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून बघा. ऑइल कमी झालं की सगळे घाबरतात. वाढलं तर ‘बरंच आहे’ म्हणून काडी परत खोचतात. पण अर्धवट जाळण्यातलं जास्तीचं डिझेल काही इंजिनांत सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळी खुणेच्या वर, काडीला डिझेलचा वास. असं पातळ ऑइल बेअरिंगला सांभाळू शकत नाही, ते बदलावंच लागतं. लातूरच्या गाडीचं ऑइल खुणेच्या बोटभर वर होतं.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. अशी तापलेली गाडी खळ्यावर, कडब्याच्या गंजीशेजारी किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नका. चाकं आणि चेसिस यांच्यात अडकलेलं पाचट, प्लॅस्टिकची पिशवी, सुतळी आधी काढा. बागायतदार मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं. तुमच्या गाड्यांखाली मी काय काय पाहिलंय ते सांगायला वेगळा लेख लागेल.

पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय की एक गॅरेजवाला गाळणी काढून सरळ पाइप टाकून देतो म्हणतोय, टाकू का? नको. ते बेकायदा आहे, आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही फसवावं लागतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडी बार्शी रोडला काढा आणि अर्धा तास एका लयीत चालवा. डॅशबोर्डवर गाळणीचा दिवा लागलेला असेल तर गाडी बंद न करता तेवढा वेळ द्या, पुस्तिकेत वेग दिलेला असतो. दिवा विझला नाही तर स्कॅनर लावून घ्या. ऑइल भरताना मात्र गाळणीच्या गाड्यांसाठीचं कमी राखेचंच मागा. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती गाळणीत कायमची बसते.

वायरिंग पुढच्या आठवड्यात, उंदरांसकट.