सरहद्द पुसली, नाका उरला!

युरो लोकांच्या खिशात आला तो १ जानेवारी २००२ रोजी. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे पॅरिसच्या खात्यातील रक्कम म्युनिकला पाठवावयाची तर तेथील बँका तिला परक्या देशाची रक्कम म्हणूनच हाताळीत. नोट सरहद्द ओलांडून सुखाने जाई, हिशेबातला पैसा मात्र नाक्यावर अडे! पाचसहा देशांत माल विकणाऱ्या परक्या कंपनीला त्यामुळे पाचसहा ठिकाणी खाती उघडावी लागत, आणि प्रत्येक खात्यात थोडीथोडी रक्कम निजवून ठेवावी लागे.

हा घोळ निस्तरण्यासाठी ‘सेपा’, म्हणजे युरोच्या देवघेवीचे एकच क्षेत्र, जानेवारी २००८ मध्ये सुरू झाले. बँकांच्या खुषीवर सोडलेले काम रेंगाळले, तेव्हा २०१२ साली कायदा करून मुदत घालावी लागली. तीही फेब्रुवारी २०१४ वरून ऑगस्टपर्यंत लांबली. (युरोपच्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) युरोपीय संघ सोडून गेलेले ब्रिटनही या क्षेत्रातून मात्र बाहेर पडलेले नाही, यातच त्याची उपयुक्तता दिसून येते.

आमच्याकडील एखाद्या यंत्रभाग बनविणाऱ्या कंपनीने जर्मनीत शाखा काढली, तर तेथील एकाच खात्यावर तिला लिस्बनच्या गिऱ्हाइकाचे पैसे घेता येतात व हेलसिंकीच्या पुरवठादाराचे देता येतात. युरो वापरणाऱ्या देशांतील बँकांवर तर ९ ऑक्टोबर २०२५ पासून अशी रक्कम दहा सेकंदांत, सुटीच्या दिवशीही, पाठविण्याची सोय देण्याचे बंधन आहे. आणि साध्या भरण्याहून अधिक आकार त्यासाठी घेता येत नाही.

तथापि कायद्याने जे एक केले ते व्यवहारात एक झालेच असे नाही. खाते कोणत्या देशातील आहे हे पाहून ते नाकारण्यास २०१२ च्या कायद्यानेच मनाई केली. तरीही खातेक्रमांकाच्या आरंभीची परकी अक्षरे पाहून मान हलविणारे दुकानदार व कारकून यांच्याविषयी तक्रारी येतच राहिल्या. शिवाय, घरगुती गिऱ्हाइकाच्या खात्यातून हप्ता परस्पर वळता करून घेतला, तरी तो आठ आठवड्यांपर्यंत कारण न देता परत मागण्याचा हक्क त्या गिऱ्हाइकास आहे. आलेला पैसा लगेच आपला मानणाऱ्या नवख्या कंपनीची येथे फसगत होते.

आपली ‘यूपीआय’ युरोपच्या ‘टिप्स’ या यंत्रणेशी जोडण्याचे पाऊल पुढे पडल्याचे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्याचे आम्ही स्वागत करतो. पण जोडणी म्हणजे एकीकरण नव्हे. ‘सेपा’त दोन्ही टोकांना चलन एकच, युरो, असते, येथे एका टोकाला रुपया आहे आणि मध्ये परकीय चलनाचा कायदा उभा आहे. तेव्हा विनिमयाचा भाव कोणत्या क्षणी ठरणार, तो कोण ठरविणार आणि त्यातील फरक कोणाच्या खात्यावर पडणार, याचे उत्तर आमच्या लहान निर्यातदारांना ही जोडणी सुरू होण्यापूर्वीच मिळाले पाहिजे.