शहजादी आबिदा सुलतान : भोपाळची वारस, ब्राझीलमधील राजदूत

१८१९ ते १९२६ या काळात, मधली थोडी वर्षे सोडली तर, भोपाळवर चार बेगमांनी राज्य केले. पाचव्या होण्याचा मान ज्यांचा होता, त्या शहजादी आबिदा सुलतान गादीवर कधी बसल्याच नाहीत. उलट दुसऱ्या देशाच्या राजदूत झाल्या.

नवाब हमीदुल्लाह खान यांच्या या थोरल्या कन्येचा जन्म १९१३ चा. त्यांना वाढवले आजीने, म्हणजे सुलतान जहाँ बेगम यांनी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती त्याच. आजीची शिस्त कडक. भल्या पहाटे कुरआनचा सबक, मग इतर अभ्यास, शिवाय घोडेस्वारी आणि नेमबाजीही. मुलीला दीन शिकवायचा म्हणजे तिला घरात कोंडायचे, असे मानणाऱ्यांनी हे वेळापत्रक जरूर पाहावे. १९२८ मध्ये त्या रीतसर वारस ठरल्या. पुढे वडिलांच्या कारभारात जबाबदारीची पदे सांभाळली, विमान चालवण्याचा परवाना मिळवला आणि १९४९ मध्ये स्क्वॉशमध्ये महिलांचे अखिल भारतीय अजिंक्यपदही.

कुरवाईच्या नवाबांशी झालेला त्यांचा निकाह टिकला नाही. १९३४ मध्ये मुलगा झाला, शहरयार. पतीने त्याचा ताबा मागितला, तेव्हा १९३५ च्या मार्चमध्ये आबिदा एका रात्री स्वतः मोटार हाकत कुरवाईला पोहोचल्या. भरलेले पिस्तूल नवाबांच्या पुढ्यात टाकून म्हणाल्या की मला मारा, नाहीतर मी तुम्हाला मारीन. नवाबांनी मुलावरचा हट्ट सोडला. हा मार्ग कुणी गिरवावा असे मी म्हणणार नाही, पण मूल हिरावले जाण्याची भीती काय असते हे आपल्या वस्तीतल्या कितीतरी आयांना सांगावे लागत नाही.

१९४९ मध्ये भोपाळ भारतात विलीन झाले. पुढच्याच वर्षी गादीची वारस मुलाला घेऊन कराचीला गेली. मुलाने संस्थानी चैनीत वाढू नये, हे त्यामागचे एक कारण. वडील, बहिणी, सारा गोतावळा मागे राहिला. इथेच राहून घर उभे करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा निर्णय पटणे अवघड आहे, मलाही तो पटत नाही. मात्र स्वार्थासाठी कुणी गादी सोडत नाही, हेही खरे.

कराचीजवळ मलीर येथे त्यांनी घर केले. १९५४ मध्ये पाकिस्तानने त्यांना ब्राझीलमध्ये राजदूत म्हणून पाठवले; तेव्हा तिथली राजधानी रिओ दि जानेरो होती. त्याच वर्षी बेगम राअना लियाकत अली खान नेदरलँड्समध्ये राजदूत झाल्या. आबिदांनी हे पद १९५६ पर्यंत सांभाळले. पुढे जनरल अयूब खान यांच्याविरुद्ध फातिमा जिन्ना निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा त्या फातिमांच्या बाजूने उतरल्या. लष्करशहाला विरोध करण्याची किंमत त्यांना ठाऊक नव्हती असे नाही.

१९६० मध्ये वडील वारले. गादीचा हक्क सांगायचा तर पाकिस्तानचे नागरिकत्व सोडावे लागले असते. त्यांनी हक्क सोडला आणि नवाब म्हणून मान्यता मिळाली धाकट्या साजिदा सुलतान यांना. साजिदांचे पुत्र मन्सूर अली खान पतौडी पुढे भारताचे कर्णधार झाले.

आबिदा २००२ मध्ये कराचीत वारल्या. त्याआधी, १९९९ मध्ये, शहरयार खान भारतात आले होते. पाकिस्तानचे परराष्ट्र सचिवपद भूषवलेला हा मुलगा तेव्हा पाकिस्तानी क्रिकेट संघाचा व्यवस्थापक होता.