मोटारीचे दार रुसते तेव्हा

चालक एक बटन दाबतो आणि गाडीच्या चारही दारांतून एकदम 'खट्' असा आवाज येतो. सर्व दारांना कुलूप लागले! पण एखाद्या दिवशी तीनच दारे ऐकतात आणि चौथे रुसून बसते. अशा वेळी दोष कोठे आहे, हे दाराचा एकही स्क्रू न काढता, केवळ विचाराने बरेचसे ओळखता येते. ते कसे, हे आज पाहू.

प्रथम रचना समजून घेऊ. प्रत्येक दाराच्या पत्र्याआड एक छोटे विद्युत् चलित्र, म्हणजे इलेक्ट्रिक मोटर, असते. ते फिरले की दातेरी चाके फिरतात आणि कुलपाची दांडी सरकते. दांडी एका बाजूला गेली की कुलूप लागते, उलट बाजूला गेली की उघडते. एकच चलित्र ही दोन उलट कामे कशी करते? या चलित्रात कायमचा चुंबक असतो. त्याला जोडलेल्या धन व ऋण तारांची अदलाबदल केली की ते उलट दिशेने फिरते. खेळण्यातल्या मोटरीला सेल उलटा जोडून तुम्ही हे घरीच पाहू शकाल. गाडीत ही अदलाबदल रिले नावाचे, विजेवर चालणारे खटके करतात. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत हे काम एका नियंत्रक पेटीकडे असते.

म्हणजे विजेचा मार्ग असा झाला : १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज, रिले, तारा आणि शेवटी चलित्र. या मार्गाचा सुरुवातीचा भाग सर्व दारांचा मिळून एकच असतो. पुढे त्याला फाटे फुटतात आणि प्रत्येक दाराला स्वतंत्र तारा जातात. दोष शोधण्याची किल्ली येथेच आहे.

चारही दारे एकदम बंद पडली, तर चार चलित्रे एकाच वेळी बिघडली असे मानणे वेडेपणाचे होईल. दोष सामाईक भागात, म्हणजे बॅटरी, फ्यूज, बटन किंवा रिले यांत असणार. याउलट एकच दार रुसले, तर बॅटरी व फ्यूज निर्दोष आहेत; दोष त्या दाराच्या तारांत, चलित्रात किंवा दांडीत आहे. दारातील बटन चालते, पण हातातील रिमोट चालत नाही, असे झाले तर प्रथम रिमोटमधला सेल बदलावा.

आता कान लावून ऐका. चलित्र 'गुर्र' करते पण कुलूप हलत नाही, तर वीज पोहोचते आहे. चाकांचे दाते झिजले असतील किंवा दांडी निसटली असेल. आवाजच नाही, तर कारागीर चलित्राच्या दोन तारांमध्ये १२ व्होल्टचा चाचणी-दिवा लावतो व बटन दाबायला सांगतो. दिवा क्षणभर लुकलुकला, तर वीज येथवर आली. चलित्रच बदलले पाहिजे. दिवा लागला नाही, तर तार कोठेतरी तुटली आहे.

ती कोठे तुटते? बहुधा बिजागरीजवळ! दार आणि गाडीचे अंग यांमध्ये एक चुणीदार रबरी नळी दिसते. तिच्यातून तारा जातात आणि दार हलले की त्या वाकतात. दार दिवसातून २० वेळा उघडले, तर वर्षात ७,३०० वेळा उघडते. उघडताना एकदा व मिटताना एकदा, म्हणजे तार १४,६०० वेळा वाकते. कागदाची टाचणी वारंवार मागेपुढे वाकवून पाहा. ती थोड्याच वेळात तुटेल. याला धातूचा थकवा म्हणतात. गंमत अशी, की आतले तांबे तुटले तरी वरचे वेष्टण शाबूत दिसते. दार अर्धवट उघडे असताना कुलूप चालते आणि मिटल्यावर चालत नाही, ही त्याची खूण. उपाय म्हणजे तार डाख देऊन जोडणे व वर विद्युत्-रोधक वेष्टण घालणे.

वेष्टण घासले जाऊन धन तार पत्र्याला टेकली, तर फ्यूज वितळतो, कारण गाडीचा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तर त्याजागी जाड तार घालू नये. मग फ्यूजऐवजी तारा तापतात आणि गाडी पेटू शकते. फ्यूज जाणे हा रोग नव्हे, रोगाची सूचना आहे.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. काचांतून आलेले ऊन आसने तापवते आणि तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना उन्हातील बंद गाडीत तासाभरात ते ५० अंशांपुढे जाऊ शकते. म्हणून उभ्या गाडीत कधीही खेळू नका आणि लहान भावंडांना खेळू देऊ नका. मागच्या दारांना बाल-कुलूप लावलेले असेल, तर ती आतून उघडत नाहीत. कधी अडकलातच, तर पुढच्या आसनावर या, पुढच्या दाराची आतली मूठ ओढा आणि भोंगा वाजवत राहा. बहुतेक गाड्यांत ही मूठ विजेवाचूनही दार उघडते. तुमच्या ओळखीच्या गाडीत ती कशी चालते, हे मोठ्या माणसांसमोर आजच करून पाहा.