केमहून उजनीच्या काठाला, सायकलवर

सायकलची हौस असलेली आपल्याकडची मंडळी चार दिवस सुट्टी मिळाली की कोकण गाठतात. रेवसपासून रेडीपर्यंतचा किनारा, वाटेत फणसाडचं अभयारण्य, खाली मालवणचं सागरी अभयारण्य. जावं असंच आहे ते सगळं. पण करमाळा तालुक्यातल्या केमसारख्या गावातून सकाळी सायकल काढली, तर ऊन चढायच्या आत एका मोठ्या किनाऱ्यावर पोचता येतं, हे सोलापूरकरांच्याही फारसं ध्यानात नसतं. हा किनारा समुद्राचा नाही, उजनीच्या फुगवट्याचा आहे. हिवाळ्याच्या अखेरीस तिथे जे पाहायला मिळतं, ते पाहायला सायकलीइतकं योग्य वाहन नाही, असं माझं ठाम मत आहे.

केम हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं गाव. बाहेरगावच्या लोकांना ते ठाऊक असतं कुंकवामुळे. उत्तरेश्वराचं देऊळ हे गावकऱ्यांचं श्रद्धास्थान. रेल्वे या भागात फार लवकर आली. 1858 मध्ये पुण्याहून दिक्सळपर्यंत आणि पुढच्याच वर्षी बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत. धरण झालं तेव्हा दिक्सळकडचा जुना मार्ग बदलावा लागला आणि तिथल्या इंग्रजी अमदानीतल्या रेल्वे पुलावरून पुढे मोटारी जाऊ लागल्या. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. जलाशयाला यशवंतसागर हे नाव आहे, पण गावोगाव त्याला उजनीच म्हणतात.

या धरणाचे आकडे वर्तमानपत्रात रोज छापून येतात, तरी पक्ष्यांच्या दृष्टीने ते कुणी वाचत नाही. उजनीत साधारण 117 टीएमसी पाणी मावतं. (एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर.) त्यातला उपयुक्त साठा 53.57 टीएमसी आणि मृतसाठा 63.66 टीएमसी. वापरायच्या पाण्यापेक्षा तळाशी राहणारं पाणीच जास्त. आता पातळ्या पाहा. धरण पूर्ण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटरवर असतं आणि उपयुक्त साठा संपला की 491.03 मीटरवर. अख्खा उपयुक्त साठा सहा मीटरपेक्षाही कमी उंचीत सामावलेला आहे. उजनी म्हणजे एक पसरट परात आहे. कालव्याला आवर्तन सुटलं, पाणी हातभर उतरलं, की काठाची जमीन कितीतरी लांबवर उघडी पडते.

उघडी पडते ती गाळाची ओली जमीन. तिच्यात किडे, गोगलगायी, अळ्या. तिच्या कडेला वीतभर पाणी. पाणथळीतल्या पक्ष्यांना नेमकं हेच हवं असतं. म्हणून धरण तुडुंब भरलेलं असताना काठावर पक्षी कमी दिसतात आणि पाणी ओसरू लागलं की थवे उतरतात. रोहित, ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो, ते अशाच उथळ पाण्यात उभे राहतात. पायांनी गाळ ढवळायचा, मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवायची, जिभेने पाणी आत ओढायचं आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर सोडायचं. शेवाळ आणि बारीक जीव तेवढे आत राहतात. त्यांच्या पंखांची लाली याच खाण्यातून येते. त्यांची मोठी वीण होते कच्छच्या रणात. पट्टकादंब मात्र हिमालय ओलांडून येतात आणि दिवसा काठाला कळपाने विसावलेले दिसतात. चक्रवाक, शेकाटे, चित्रबलाक, पाण्यावर घिरट्या घालून सूर मारणारे नदी सुरय. यादी लांब आहे, पुस्तक बरोबर न्यावं.

हे भिगवणलाही दिसतं, आणि तिथे होडीतून दाखवण्याची सोयही चांगली आहे. करमाळ्याच्या बाजूचा काठ त्या मानाने शांत आहे, आणि काठापर्यंतची वाटही पाहण्यासारखी आहे. केमहून वडशिवणे, सातोली करत कंदरकडे निघालं की आधी माळ लागतो. जानेवारीत शाळू हुरड्यात आलेला असतो आणि भोरड्यांचे थवे एका शेतावरून दुसऱ्या शेतावर कोसळत असतात. पाखरं हाकायला कुणीतरी माळ्यावर उभं असतं. मग हळूहळू उसाचं आणि केळीचं रान सुरू होतं, हवा गार लागते, म्हणजे उजनीचं पाणी जवळ आलं. पुढे वांगी, ढोकरीच्या अंगाने किंवा जेऊरकडून चिखलठाण, कुगावच्या बाजूने काठाला उतरता येतं. मोटारीतून हा बदल कळत नाही. सायकलवर तो अंगाला कळतो, आणि बांधावर थांबून एखाद्या आजोबांना "पाणी कुठवर आलंय?" असं विचारता येतं. दर आठवड्याला काठ सरकत असल्यामुळे नकाशापेक्षा त्यांचंच उत्तर खरं.

साधी, बिनगिअरची सायकल चालते. घाट नाही. पण दोन गोष्टींची खबरदारी घ्यावीच. एक, काठावर वेड्या बाभळीचे काटे सर्वत्र पसरलेले असतात आणि ते टायर सहज भेदतात. जादा ट्यूब, सोल्यूशन, ठिगळं आणि पंप बरोबर हवाच. पंक्चर काढणारा काठावर भेटणार नाही. काटा सापडेपर्यंत टायरच्या आतून बोटं फिरवून पाहा, नाहीतर नवी ट्यूबही लगेच बसेल. दुसरी गोष्ट ऊसवाहतुकीची. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर याच रस्त्यांवरून जातात. मागची ट्रॉली वळणावर आत येते. तिला पुढे जाऊ द्या, आणि अंधार पडायच्या आत घरी परता.

आणखी एक. काठावर पोचल्यावर सायकल होडीत घालून पलीकडे इंदापूर तालुक्यात उतरायचा मोह होतो, कारण पलीकडचं गाव अगदी समोर दिसतं. 21 मे 2024 रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट नसेल, आभाळ भरलं असेल किंवा वारा सुटला असेल, तर होडीत पाय ठेवू नका. कोकणच्या खाडीइतकंच हे पाणी मोठं आहे आणि वारा त्यावर मोकळा वाहतो.

या काठाला अभयारण्याचं संरक्षण नाही. रामसर यादीत महाराष्ट्रातलं नांदूर मध्यमेश्वर गेलं, लोणार गेलं, ठाण्याची खाडी गेली, उजनी नाही. करमाळा तालुक्याला अभयारण्याचा अनुभव मात्र जुना आहे. 1979 मध्ये जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचं क्षेत्र तब्बल 8,496 चौरस किलोमीटर होतं आणि त्यात हा तालुकाही होता. गावंच्या गावं, शेतं, रस्ते त्यात आल्यामुळे लोकांची कुचंबणा झाली, आणि पुढे ते क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक मात्र जवळजवळ दिसेनासाच झाला. कागदावर मोठं क्षेत्र दाखवल्याने पक्षी राहत नाहीत, आणि काठाच्या लोकांना दुखावून तर मुळीच राहत नाहीत. उजनीला संरक्षण द्यायचंच असेल, तर जाळी टाकणारे मच्छीमार, गाळपेर करणारे शेतकरी आणि ज्यांची जुनी गावं या पाण्याखाली गेली ती कुटुंबं यांना आधी विचारलं पाहिजे. शिवाय पुण्याकडचं सांडपाणी नदीतून इथे येत राहिलं, तर नुसत्या पाटीने काही साधणार नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते एवढंच. जानेवारी ते मार्च हा काळ धरा, पहाटे निघा, पाणी आणि भाकरी बरोबर घ्या. ओल्या गाळात उतरू नका. तो वरून सुकलेला दिसतो आणि खाली मांडीपर्यंत रुततो. थव्याचा फोटो उडताना हवा म्हणून त्याला उठवू नका, ड्रोन तर नकोच. खाणं सोडून उडायला लावलं की पक्ष्याची तेवढी ताकद फुकट जाते, आणि त्यातल्या कित्येकांना अजून हिमालय ओलांडून परत जायचं असतं. सायकल बांधावर आडवी ठेवा, दुर्बीण काढा आणि निदान अर्धा तास एका जागी बसा.